मावशीची पांढरी चिमूट

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. मग बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या, जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या, आणि ज्यांना तीही जागा मिळाली नाही त्या पोटावर हात धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी लोखंडी पाइप कापत होतं आणि त्याचा करकराट फरशीतून वर येत होता. वर मात्र कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या नजरा खिळल्या होत्या टेबलामागे पांढरा एप्रन घालून उभ्या असलेल्या अमृतमावशीवर.

मावशी अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. टेबलावर आल्याचे गड्डे, लिंबांचा ढीग, हळदीची बरणी, काळ्या मिऱ्यांची वाटी आणि एक मोठं भांडं. भांड्यातून वाफ निघत होती.

"सूज म्हणजे काय?" मावशीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "सूज म्हणजे आग. आतड्याला आग, गर्भाशयाला आग, कमरेला आग. घराला आग लागली तर आपण बंब बोलावतो. पोटाला लागली की डॉक्टर काय म्हणतात? म्हणतात, सगळ्याच बायकांना लागते, सहन कर."

हॉलभर हुंकार उठला. कारण हे शेवटचं वाक्य तिथल्या बहुतेक जणींनी आपल्या कानांनी ऐकलेलं होतं.

दुसऱ्या रांगेत दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली शहर बससेवेत ड्रायव्हर, धाकटी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची पाळी कालच सुरू झाली होती आणि ती खुर्चीत सरळ बसूच शकत नव्हती. धाकटी तिच्यासोबत आली होती ती तोंड वाकडं करूनच. 'उंटावरची शहाणी,' असं आई तिला येताना म्हणालीही होती.

"या, पुढे या," मावशीने नेमकं थोरलीलाच बोलावलं.

थोरली उठली. मावशीने तिच्या हातात स्वच्छ पाण्याचा ग्लास दिला. "तीनदा फुंकर मार पाण्यावर. आत जे साचलंय ते श्वासात येतं. मार पोरी, लाजू नकोस."

थोरलीने फुंकर मारली. मावशीने काचेच्या नळीतून एक काळपट लाकडी चमचा काढला आणि ग्लासातलं पाणी ढवळायला लागली. बघता बघता पाणी पिवळसर झालं, मग तांबूस, मग अगदी वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं. हॉलमध्ये कुणाचा तरी श्वास मोठ्याने आत ओढला गेला. जिन्यातल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"बघा. हे हिच्या आत किती वर्षं साचलेलं आहे कुणास ठाऊक." मावशीने ग्लास उजेडात धरला. "आणि आता हा माझा अर्क."

तिने एका छोट्या बाटलीतला नितळ रस ग्लासात ओतला, एकदा हलवला, आणि तो सगळा रक्ताचा रंग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. पाणी पुन्हा पाण्यासारखं. टाळ्या पडल्या. एक म्हातारी डोळे पुसायला लागली.

मावशीने मग भांड्यातला काढा पेल्यात ओतला, त्यात तो अर्क घातला आणि शेवटी एका डबीतून पांढरी पूड चिमटीत धरून वर भुरभुरवली. "ही शिंपल्यांची राख. कुठल्या शिंपल्यांची ते विचारू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. घे."

थोरलीने पेला तोंडाला लावला.

धाकटी अस्वस्थ झाली होती. कुठेतरी तिने हे पाहिलेलं होतं. तो रंग, ते नितळ होणं. शिवाय मावशीने ग्लास जवळ आणला तेव्हा आल्यालिंबाच्या घमघमाटाखाली आणखी एक वास तिच्या नाकाला चाटून गेला होता. जखम बांधताना येतो तसला. पण नक्की काय, ते आठवेना.

आणि मग घरी जाताना विपरीतच घडलं. अर्ध्या वाटेवर थोरली थांबली. तिने पोटावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"काय झालं, ताई?" धाकटी घाबरली.

"दुखत नाहीये," थोरली म्हणाली. आणि भर रस्त्यात, फळांच्या गाडीशेजारी उभी राहून ती रडायला लागली.

थोरलीचं दुखणं घरात नवीन नव्हतं. शाळेत असल्यापासून महिन्याचे ते दिवस आले की ती न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडायची, कारण फरशी गार असायची. आई म्हणायची, "आमच्याही पोटात दुखायचं, पण आम्ही कधी तोंडातून ब्र काढला नाही." एक डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, मोडलं, दुखणं मात्र नांदत राहिलं. दुसरे म्हणाले, मन कशाततरी गुंतव. तिने ते बसच्या स्टिअरिंगमध्ये गुंतवलं. डेपोत रजा मागायला गेली की तिथला साहेब कॅलेंडरकडे बघून म्हणायचा, "आली वाटतं तुमची कहाणी." मग तिने रजा मागणंच सोडलं. दात-ओठ खात, कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून ती बस चालवायची. सिग्नलला गाडी थांबली की डोकं स्टिअरिंगवर ठेवायची आणि हिरवा दिवा लागला की उचलायची.

अशा बाईला एका पेल्याने आराम पडला. आता तिला कोण काय सांगणार?

मावशीने रोज सकाळी उपाशीपोटी काढा घ्यायला सांगितला होता, पाळी असो वा नसो. थोरली इमानेइतबारे घ्यायला लागली. दर रविवारी हॉलमधून अर्क आणि चिमूट घातलेल्या काढ्याच्या बाटल्या भरून आणायची. पुढची पाळी आली आणि थोरली न्हाणीघरात गेली ती फक्त आंघोळीला. आईने तर मावशीचा फोटोच काय तो लावायचा बाकी ठेवला होता. "आता बोल," ती धाकटीला म्हणायची, "तुझं विज्ञान काय म्हणतं?"

धाकटीचं विज्ञान काहीच म्हणत नव्हतं, आणि हेच तिला खुपत होतं. बहीण हसतेय, जेवतेय, गुणगुणत कामावर जातेय, आणि आपल्याला आनंद व्हायचा सोडून डोक्यात किडा वळवळतोय. आपण इतक्या कोत्या मनाच्या आहोत का? तिने स्वतःला दटावलंही.

तरी किडा काही गप्प बसला नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिने घरीच काढा केला. आलं किसलं, हळद उकळली, मिरी ठेचली, लिंबू पिळलं. चव हुबेहूब. थोरलीच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या काढ्याऐवजी हा दिला. थोरलीला माहीत होतं, पण तिनेही गंमत म्हणून घेतला. घशाला ऊब आली, जरा बरं वाटलं, आणि दुपारी ती पुन्हा फरशीवर.

"हातगुण असतो एकेकाचा," आई म्हणाली आणि मावशीची बाटली घेऊन धावली. बाटली पोटात गेली तशी थोरली उठून बसली.

धाकटी त्या रिकाम्या बाटलीकडे बघत राहिली. आलं तेच, हळद तीच. तिच्या काढ्यात एकच गोष्ट नव्हती, ती पांढरी पूड. शिंपल्याची राख म्हणजे चुना. चुन्याने पोटातली कळ थांबते? तिने कधी ऐकलं नव्हतं.

ग्लासाचं कोडं सुटलं ते वर्गात. फळांमधलं 'क' जीवनसत्त्व शिकवायचा धडा होता. तिने नेहमीसारखं आयोडीन काढलं, पाण्यात थेंब टाकले. पाणी तांबूस झालं. मुली बाकांवरून पुढे वाकल्या. तिने लिंबू पिळलं आणि रंग उडाला.

पुढे काय बोलायचं ते ती विसरूनच गेली. हातात लिंबाची साल तशीच. "बाई, पुढे?" एका मुलीने विचारलं तेव्हा ती भानावर आली. म्हणजे तो चमचा. काळपट लाकूड, आयोडीनमध्ये भिजवून वाळवलेलं. पाण्यात ढवळलं की सुटणार आयोडीन. आणि अर्क म्हणजे लिंबाचा गाळलेला रस. जखमेवर लावायचं औषध आणि लिंबू, एवढ्यावर मावशीने अख्खा हॉल रडवला होता.

ती संध्याकाळी तडक डेपोवर गेली. थोरली ड्यूटी संपवून बसच्या पायरीवर बसली होती. धाकटीने तिला सगळं सांगितलं, दोन ग्लास आणून करूनही दाखवलं.

थोरलीने शांतपणे बघितलं. "झालं?"

"झालं म्हणजे? ताई, ती फसवतेय."

"ग्लास खोटा असेल," थोरली म्हणाली. "माझं पोट खोटं नाही. मला आराम पडतो, तो काय लिंबाने पडतो? तूच म्हणतेस ना, जे दिसतं त्यावर विश्वास ठेवावा. मग मला जे दिसतंय त्यावर मी ठेवते." तिने बॅग खांद्याला लावली. "ज्याचं जळतं त्याला कळतं गं. तुला देवाने दुखणं दिलं नाही, म्हणून तुला कोडी सोडवायला सुचतात."

धाकटीने दोन्ही ग्लास पायरीवर ओतून रिकामे केले. तिने फक्त एवढंच म्हटलं, "त्या पुडीत काय आहे ते तरी विचार."

थोरलीने विचारलं नाही. बुडत्याने काडीला 'तू कुठल्या झाडाची' असं विचारायचं नसतं.

मधल्या काळात थोरलीचं पोट वेगळ्याच तऱ्हेने कुरकुरायला लागलं होतं. बेंबीच्या वर जळजळ व्हायची, जेवणावरची वासना उडाली होती. जिना चढताना धाप लागायची. मावशीला सांगितलं तर मावशी म्हणाली, "साचलेलं बाहेर पडतंय. जळजळतं ते जळू दे. काढा वाढव." थोरलीने वाढवला.

आणि एका सकाळी भरलेल्या बसमध्ये, बाजारपेठेच्या वळणावर, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. हात घामाने निसटत होते. समोरून शाळेच्या मुलांची रांग रस्ता ओलांडत होती. तिने गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. सवयीच्या हातांनी सगळं नेमकं केलं आणि मग दार उघडून ती रस्त्यावर ओकली. कॉफीचा गाळ असावा तसलं काळं. कंडक्टरने तिला सावरलं आणि हॉस्पिटलला आणलं.

धाकटी शाळेतून धावत पोचली तेव्हा थोरलीच्या दंडाला रक्ताची पिशवी लावलेली होती. शेजारी स्टूल ओढून एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि मुख्य म्हणजे घाई नसलेल्या.

"पोटात आतून रक्तस्राव झालाय," त्या म्हणाल्या. "वेदनाशामक गोळ्या किती दिवस घेताय?"

"गोळी मी घेतच नाही," थोरली क्षीण आवाजात म्हणाली. "पूर्वी घ्यायचे कधीतरी. आता काढा घेते फक्त. घरगुती."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "काढा कशासाठी?"

मग थोरलीने सांगायला सुरुवात केली. पाळीचं दुखणं, फरशी, मोडलेलं लग्न, स्टिअरिंगवरचं डोकं. डॉक्टरीणबाई मध्ये मध्ये विचारत होत्या. पाळी नसतानाही दुखतं का? शौचाला त्रास होतो का? नवरा जवळ आला की दुखायचं का? हा शेवटचा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. थोरली मान वळवून भिंतीकडे बघायला लागली. तिकडे बघतच म्हणाली, "म्हणूनच तर मोडलं."

धाकटीला हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं.

"तुम्ही नाटक करत नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासण्या करूच, पण मला एन्डोमेट्रिओसिसची शंका येते. गर्भाशयाला आतून जसं अस्तर असतं तसलंच अस्तर कधी कधी गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. अंडाशयावर, आतड्यावर, कुठेही. त्यामुळे सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, आणि बाई कळवळते. रक्त अशुद्ध वगैरे काही नसतं. कुणाच्या नजरेचाही हा प्रकार नाही."

"पण मग काढ्याने थांबत कसं होतं?" थोरलीने विचारलं.

"मलाही तेच विचारायचंय. बाटली आहे का?"

धाकटीने पर्समधून मावशीच्या काढ्याची एक भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. गेले कित्येक दिवस ती घेऊन फिरत होती, कुणाला द्यावी ते कळत नव्हतं.

सोनोग्राफीत थोरलीच्या डाव्या अंडाशयावर जुन्या रक्ताने भरलेली गाठ दिसली. ती काही काढ्याने विरघळली नव्हती, आपली निवांत वाढत होती. बाटलीच्या तपासणीचा अहवाल यायला आणखी काही दिवस लागले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. काढ्यात आलं होतं, हळद होती, लिंबू होतं. आणि दुखणं मारणारी गोळी होती, कुटून घातलेली. औषधाच्या दुकानात मिळते तीच, पण कुठलाही डॉक्टर इतके दिवस, इतकी, उपाशीपोटी देणार नाही अशी.

थोरलीने दंडावरची सुईची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "म्हणजे मी गोळीच खात होते."

"हो. आणि मजा बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हीच गोळी मीही तुम्हाला दिली असती. पाळीच्या चार दिवसांपुरती, जेवल्यावर, आणि पोट जळजळलं तर लगेच बंद करा असं बजावून. गोळी वाईट नाही. कुणाला न सांगता घातलेली गोळी वाईट."

"मी सुटले की हॉलवर जाणार," थोरली म्हणाली.

"तक्रार मी केलीच आहे. औषध खात्याची माणसं जातील."

"ती जातील तेव्हा जातील. तोवर त्या जिन्यातल्या बायका पीत राहतील."

थोरली सुटली त्या रविवारी हॉल नेहमीसारखाच भरला होता. टेबलाजवळच्या खुर्चीत शाळेच्या वयाची एक मुलगी आखडून बसली होती आणि मागे तिची आई उभी होती, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. आज नंबर त्या मुलीचा होता. मावशीने ग्लास पुढे केला होता.

"थांबा," थोरली दारातून म्हणाली. ती अजून अशक्त होती, धाकटीच्या दंडाला धरून चालत होती. पण गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज होता तिचा. "तिला पाजण्याआधी माझं ऐका."

मावशीने ओळखलं. "ये ये, पोरी. बघा बायांनो, ही माझी बस चालवणारी लेक. कशी होती आणि कशी झाली."

"हॉस्पिटलातून आलेय मी. तुमच्या काढ्याने."

कुजबुज सुरू झाली. धाकटी पुढे झाली. तिला वाटलं होतं आपण नीट सांगू, आयोडीन, लिंबू, 'क' जीवनसत्त्व, क्रमाने. तिने सुरुवात केलीही, पण दुसऱ्या वाक्याला मावशीने ते हाणून पाडलं.

"मास्तरीणबाई, तुम्ही पुस्तकं वाचलीत. मी पोटं वाचलीत. तुम्हाला कधी दुखलंय?"

"नाही, पण..."

"नाही. मग खाली बसा."

बायका हसल्या. एक जण म्हणाली, "आमचा आराम डोळ्यांत खुपतो यांच्या." दुसरी म्हणाली, "स्वतः औषध देत नाहीत आणि जी देते तिला देऊ देत नाहीत." धाकटीची कानशिलं तापली. हातातलं लिंबू तिने इतकं घट्ट धरलं होतं की त्याचा रस मनगटावर ओघळत होता.

तेव्हा थोरली म्हणाली, "मावशी, भांडत नाही. एकच करा. टेबलावरच्या जगमध्ये पिण्याचं पाणी आहे. त्याच्यावर कुणी फुंकर मारलेली नाही. ते तुमच्या चमच्याने ढवळा."

मावशीने टेबलावरचा चमचा आपल्याकडे सरकवला. "चमचा काय खेळणं आहे? तो दुखणाऱ्या जिवासाठीच आहे. उगाच ढवळलं तर त्याचा गुण जातो."

"गुण जातो कसा? तो तर लाकूड."

"नसत्या शंका काढणाऱ्यांपुढे काही चालत नाही, बाळा. हे श्रद्धेचं काम आहे."

हे ऐकून हॉल मान डोलावणार, एवढ्यात खुर्चीमागची ती आई पुढे झाली. तिला ना थोरलीची बाजू घ्यायची होती, ना मावशीची. तिची मुलगी समोर कळवळत होती आणि आपण तिला काय पाजणार आहोत एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. तिने हात लांबवला, मावशी 'अगं अगं' म्हणेपर्यंत चमचा उचलला आणि जगमध्ये घालून ढवळला.

जगमधलं पाणी पिवळं झालं. मग तांबूस. मग वाळलेल्या रक्तासारखं.

जिन्यातल्या बायका आत घुसून बघायला लागल्या. खालचं पाइप कापणं त्या वेळी बंद होतं.

"हे कुणाचं?" ती आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, खरंच विचारल्यासारखा. "यावर तर कुणी फुंकर मारली नाही. मग हे साचलेलं कुणाचं?"

धाकटीने आपल्या हातातलं लिंबू जगमध्ये पिळलं, टेबलावरची आणखी चार पिळली. रंग फिकटला, फिकटला, आणि गेला. आता समजावून सांगायला काही उरलंच नव्हतं. तरी तिने सांगितलं, थोडक्यात, आणि या वेळी ऐकलं गेलं.

पण मावशी अशी सहज हार मानणारी नव्हती. तिने एप्रनला हात पुसले. "ठीक आहे. चमचा देखावा आहे. लोकांना पटवायला लागतो देखावा. पण आराम? तो खोटा होता का? सांगा की, किती जणींचं दुखणं थांबलं?" तिने हॉलभर नजर फिरवली. "तुमच्या डॉक्टरांनी हाकललं, नवऱ्यांनी हसण्यावारी नेलं. मी थांबवलं. मी."

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच माना खाली गेल्या. कारण हे खोटं नव्हतं.

थोरली टेबलाला धरून उभी होती. तिने ती पांढरी डबी उचलली.

"थांबवलं नाहीत मावशी, झाकलंत. हिच्यात दुखण्याची गोळी आहे, कुटलेली. तपासून आलंय. पोटातली माझी गाठ वाढत होती आणि मला कळत नव्हतं, कारण तुम्ही कळू देत नव्हता. पोटाला भोक पडत होतं, तर तुम्ही म्हणालात, काढा वाढव." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "गोळी गोळी म्हणून दिली असतीत ना, तर मी जेवून घेतली असती. जळजळ झाल्यावर सोडली असती. डॉक्टरने विचारलं तर सांगितलं असतं. तुम्ही नुसती गोळी नाही लपवली. माझं शरीर मलाच परकं करून ठेवलंत. त्या दिवशी माझ्या बससमोरून मुलं रस्ता ओलांडत होती. माझा पाय ब्रेकवर पोचला नसता तर?"

मावशीने डबी परत घ्यायला हात पुढे केला. मग मागे घेतला. तिची नजर डबीवरून हलत नव्हती.

खुर्चीतल्या मुलीने तेवढ्यात आईचा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, "आई, पण माझं दुखतंय अजून."

सगळ्या गदारोळात हे एकच वाक्य महत्त्वाचं होतं, आणि ते सर्वांत उशिरा ऐकू आलं. थोरली तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "माहितीये गं," ती म्हणाली. "चल. मी एका डॉक्टरीणबाईंना ओळखते. त्या आधी ऐकतात."

हॉलमधून त्या दिवशी सगळ्या बायका काही पटून उठल्या नाहीत. कुणी रागाने उठल्या, कुणी बाटल्या पर्समध्ये लपवून. औषध खात्याची माणसं आली तेव्हा हॉलला कुलूप होतं. पुढे कळलं, मावशी दुसऱ्या एका शहरात गुडघेदुखीवर काढा देते. भांडं तेच, चिमूटही तीच असणार. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. तिथल्या खात्याला डॉक्टरीणबाईंनी कळवलं.

थोरलीचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गाठ निघाली, चिकटलेलं सोडवलं, रोजची एक हार्मोनची गोळी सुरू झाली. आजार मुळापासून गेला असं नाही, तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, आणि डॉक्टरीणबाईंनी हे तिला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. काही महिन्यांत अजूनही एखादा दिवस वाईट जातो. त्या दिवशी ती डेपोत रजा मागते, आजाराचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, मोठ्याने. साहेब आता कॅलेंडरकडे बघत नाही.

आई एकदा भाजी निवडताना धाकटीला म्हणाली, "मला पण असंच दुखायचं. मी ब्र काढला नाही म्हणून फुशारकी मारायचे. काढायला हवा होता." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

दोघी बहिणी संध्याकाळी कधी कधी आल्याचं गरम पाणी करून पितात. ऊब लागते, स्नायू जरा सैलावतात, दोन घटका बरं वाटतं. त्यात वाईट काहीच नाही. आल्याचं पाणी आल्याचं पाणी म्हणून प्यायलं तर ते कुणाचंच वाकडं करत नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की असे हॉल सगळीकडे भरतात, आणि त्यात बसणाऱ्या बाया मूर्ख नसतात. त्या दुखावलेल्या असतात, आणि त्यांचं कुणी ऐकलेलं नसतं. ज्या घरात बाईच्या कळवळण्याला नाटक म्हणतात, त्या घराबाहेरच मावशीचं टेबल मांडलेलं असतं. म्हणून आधी ऐका. आणि बायांनो, तुमचं दुखत असेल तर दुखतंय म्हणा, एका डॉक्टरने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा. पण कुणी पेला पुढे केला तर तोंडाला लावण्याआधी विचारा: यात काय आहे? जो सांगेल त्याचं तपासून घ्या. आणि जो म्हणेल की विचारू नका, त्याचा पेला तिथेच टेबलावर ठेवा आणि उठा.